फुफ्फुसातला 'साबण' : बनवायला एवढा अवघड का?



दुसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत सरांनी मला विचारलं होतं, "पृष्ठताण कमी करून काय मिळतं? व्यवहारातलं एक उदाहरण सांग." मी सगळे सांगतात तेच सांगितलं, "साबण, सर. कपडे धुणे." सर हसले, मार्क मिळाले, विषय संपला.

त्यानंतर सहा महिन्यांनी माझ्या ताईला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. तिसाव्या आठवड्यात मुलगी झाली. वजन १२०० ग्रॅम. रडली, पण आवाज मांजराच्या पिल्लासारखा. दर श्वासाला ती कण्हत होती आणि बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "फुफ्फुस उघडत नाहीये. सर्फॅक्टंट द्यावं लागेल. आत्ता आमच्याकडे शिल्लक नाही, तुम्हाला आणावं लागेल." किंमत ऐकून भाओजींनी आधी दोन मित्रांना फोन केले, मग गाडी काढली. रात्री अडीच वाजता ते बर्फाच्या डब्यात एक छोटी बाटली घेऊन आले. आत दुधासारखं पांढरं पाणी, जेमतेम काही मिलिलिटर.

खोक्यावरचं बारीक अक्षर मी वाचलं. ते औषध गाईच्या फुफ्फुसापासून काढलेलं होतं. आजीने विचारलं, "गाईचं?" कुणीच काही बोललं नाही. मग तीच म्हणाली, "द्या बाबा, पोर जगू दे."

माझ्या डोक्यात मात्र दुसराच प्रश्न घोळत राहिला. आपण नायलॉन बनवतो, इन्सुलिन बनवतो, रॉकेटचं इंधन बनवतो. मग हे चमचाभर पांढरं पाणी कारखान्यात का बनत नाही? त्यासाठी अजून कत्तलखान्यातून फुफ्फुसं का आणावी लागतात? परत आल्यावर लायब्ररीत बसून जे वाचलं, समजलं, ते या लेखात मांडते आहे. केमिकलवाल्यांना यातलं निम्मं ओळखीचं वाटेल. इतरांनी घाबरू नये, सूत्र फक्त एकच आहे.

श्वास म्हणजे बुडबुड्यांशी झटापट

आपल्या फुफ्फुसात सुमारे ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. एका वायुकोशाचा व्यास साधारण ०.२ मिलिमीटर. आतून त्याला पाण्याचा पातळ थर असतो. हवा आत, पाणी भोवती, म्हणजे तो एक बुडबुडाच झाला. आणि बुडबुडा म्हटलं की लाप्लासचं सूत्र आलंच :

दाब = २ × पृष्ठताण ÷ त्रिज्या

आता आकडे घालून बघू. शरीराच्या तापमानाला शुद्ध पाण्याचा पृष्ठताण ७० मिलिन्यूटन प्रति मीटर. त्रिज्या १०० मायक्रॉन. उत्तर येतं १४०० पास्कल, म्हणजे सुमारे १४ सेंटिमीटर पाण्याचा दाब. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या फुफ्फुसात जागा याहून लहान. उदाहरणासाठी त्रिज्या ५० मायक्रॉन धरली तर दाब होतो दुप्पट, २८ सेंटिमीटर. शांतपणे श्वास घेताना आपल्याला लागणारा दाबातला फरक जेमतेम ५ सेंटिमीटर असतो. बाराशे ग्रॅमच्या बाळाने मिनिटाला साठ वेळा २८ सेंटिमीटरचा दाब ओढायचा, तेही कोवळ्या, वाकणाऱ्या बरगड्यांनी! ती का कण्हत होती ते मला हे गणित केल्यावर कळलं. कण्हणं म्हणजे श्वास सोडताना घसा अर्धवट मिटून आतला दाब टिकवण्याची धडपड. सगळी हवा बाहेर गेली तर वायुकोश मिटतात, आणि मिटलेला वायुकोश पुन्हा उघडणं सगळ्यात कठीण.

तुमच्या-माझ्या फुफ्फुसात हा प्रश्न येत नाही, कारण वायुकोशाच्या भिंतीतल्या काही खास पेशी एक तेलकट द्रव्य तयार करून त्या पाण्यावर पसरवतात. तेच सर्फॅक्टंट. पृष्ठताण ७० वरून २५ च्या खाली येतो, आणि श्वास सोडताना तर जवळजवळ शून्यापर्यंत. या पेशी पोटातल्या बाळात साधारण चोविसाव्या आठवड्यापासून कामाला लागतात, पण पुरेसा साठा व्हायला चौतीस-पस्तीस आठवडे उजाडतात. त्याआधी बाळ बाहेर आलं तर साठा अपुरा. या आजाराला रेस्पिरेटरी डिस्ट्रेस सिंड्रोम, थोडक्यात आरडीएस म्हणतात.

मग साबणच का नाही घालत?

हा प्रश्न माझ्या रूममेटने विचारला. प्रश्न वेडगळ नाही. उत्तर होस्टेलच्या खोलीत मिळतं. ताटलीत पाणी घ्या, वर मिरपूड भुरभुरा, मध्यभागी साबणाचं बोट टेकवा. मिरपूड क्षणात काठाकडे पळते. आता पुन्हा बोट टेकवा. काहीच होत नाही. पृष्ठभाग साबणाने भरला, पृष्ठताण एका ठरावीक आकड्यावर येऊन बसला. साधारण २५ ते ३०. त्याखाली तो जात नाही.

फुफ्फुसाला हे चालत नाही. लाप्लासच्या सूत्रात पृष्ठताण कायम ठेवा आणि त्रिज्या कमी करा. लहान बुडबुड्यात दाब जास्त, मोठ्यात कमी. दोन्ही एका नळीने जोडले तर लहान्यातली हवा मोठ्यात जाते आणि लहान मिटून जातो. (खरं फुफ्फुस सुट्या बुडबुड्यांचं नसतं. चाळीतल्या खोल्यांसारख्या त्यांच्या भिंती सामाईक असतात, त्यामुळे एकमेकांना आधार मिळतो. पण मुख्य अडचण तीच.) म्हणून आकार लहान होताना पृष्ठताणही कमी व्हायला हवा, आणि आकार मोठा होताना पुन्हा वाढायला हवा. साबणाचे रेणू दाबले की पाण्यात बुडी मारून पळून जातात. फुफ्फुसाला हवा असलेला रेणू दाबला तरी जागा न सोडणारा पाहिजे.

असा रेणू निसर्गाने वापरलाय. त्याचं नाव डायपामिटॉइल फॉस्फॅटिडिलकोलीन. आपण डीपीपीसी म्हणू. एक डोकं पाण्यात, दोन सरळ शेपट्या हवेत. शेपट्या सरळ असल्यामुळे रेणू मेसच्या रांगेतल्या पोरांसारखे अगदी खेटून उभे राहतात, मध्ये पाणी दिसतच नाही. पाणी दिसत नाही म्हणजे पाण्याचा पृष्ठताणही नाही.

युद्धाच्या प्रयोगशाळेतून बाळंतपणाच्या खोलीत

हे सगळं कळलं कसं, ती गोष्टही मजेदार आहे. स्वित्झर्लंडमध्ये काम करणाऱ्या कुर्ट फॉन नीरगार्ड यांनी १९२९ साली फुफ्फुस एकदा हवेने आणि एकदा द्रवाने फुगवून पाहिलं. द्रवाने फुगवताना कितीतरी कमी दाब लागला. द्रव भरला की हवा आणि पाणी यांच्यातली सीमाच उरत नाही, म्हणजे फुफ्फुसाचा बराचसा ताठरपणा पृष्ठताणाचा आहे. निष्कर्ष अचूक होता, पण पंचवीस वर्षं कुणी लक्ष दिलं नाही.

पुढचा धागा सापडला तो विषारी वायूंच्या अभ्यासात. इंग्लंडमध्ये पोर्टन डाउन इथे रिचर्ड पॅटल विषारी वायूमुळे फुफ्फुसात साठणाऱ्या फेसाचा अभ्यास करत होते. १९५५ मध्ये त्यांनी दाखवलं की हे बुडबुडे साध्या बुडबुड्यांसारखे फुटत नाहीत, कारण त्यांच्या पृष्ठभागाचा ताण जवळजवळ शून्य आहे. अमेरिकेत मेरीलँडमधल्या लष्करी प्रयोगशाळेत जॉन क्लेमेंट्स यांनी १९५७ मध्ये फुफ्फुसातल्या अर्काचा थर आकुंचन-प्रसरण करत मोजला. जागा कमी केली की ताण कमी, जागा वाढवली की जास्त. साबणाला न जमणारं काम!

बॉस्टनमध्ये मेरी एलन एव्हरी या तरुण बालरोगतज्ज्ञ आरडीएसने दगावलेल्या बाळांची फुफ्फुसं अभ्यासत होत्या. तोवर समजूत अशी की वायुकोशात काचेसारखा थर जमतो, तो काहीतरी जास्तीचा पदार्थ असणार. एव्हरी आणि जेर मीड यांनी १९५९ मध्ये उलट दाखवून दिलं : या बाळांच्या फुफ्फुसात काही जास्त नाही, काहीतरी कमी आहे. सर्फॅक्टंट कमी आहे.

कारण कळलं, पण उपाय हातात नव्हता. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन २१०० ग्रॅम, म्हणजे आज डॉक्टर फारशी काळजी करणार नाहीत इतकं. तो ३९ तास जगला. जगातल्या सर्वांत ताकदवान माणसाच्या मुलालाही देता येईल असं औषध त्या दिवशी पृथ्वीवर नव्हतं.

पहिला प्रयत्न का फसला

आता अभियंत्याच्या दृष्टीने बघा. सर्फॅक्टंटमध्ये वजनाने सुमारे ९० टक्के मेद आणि १० टक्के प्रथिनं. मेदातला मुख्य रेणू डीपीपीसी, तो प्रयोगशाळेत बनवता येतो. मग डीपीपीसी बनवा, त्याचा फवारा करा, बाळाला हुंगवा. सोपं! १९६० च्या दशकात मॉन्ट्रियल आणि सिंगापूरमध्ये नेमकं हेच करून पाहिलं गेलं. अपेक्षित फायदा दिसला नाही. नंतर बरीच वर्षं कित्येकांना वाटू लागलं की सर्फॅक्टंटची कल्पनाच चुकीची असावी.

कल्पना बरोबर होती, तपशील चुकले होते. एक म्हणजे फवाऱ्याचे थेंब जिथे पोचायचे तिथे पुरेसे पोचलेच नाहीत. दुसरं कारण थंडीतल्या तुपाने समजावते. हिवाळ्यात डब्यातलं तूप गोठतं, शेंगदाण्याचं तेल वाहतं राहतं. कारण तुपात सरळ शेपट्यांचे, म्हणजे संपृक्त मेद जास्त असतात. डीपीपीसीच्याही दोन्ही शेपट्या संपृक्त. तो ४१ अंशांना वितळतो आणि आपलं शरीर आहे ३७ अंशांवर. म्हणजे फुफ्फुसात डीपीपीसी गोठलेल्या तुपासारखा असतो. म्हणूनच तो दाब सहन करतो, आणि म्हणूनच आपणहून पसरत नाही. बाळ मिनिटाला चाळीस ते साठ श्वास घेतं. म्हणजे थर पसरायला प्रत्येक वेळी सेकंदभरच मिळतो. गोठलेलं तूप सेकंदात कसं पसरणार?

तेलासारखा मेद घेतला तर तो पसरतो झटकन, पण दाबल्यावर टिकत नाही. एकाच पदार्थाने वाहतं तेलही व्हायचं आणि घट्ट तूपही व्हायचं, दर सेकंदाला, आयुष्यभर! अडचणीचं मूळ हे आहे. पृष्ठताणाचा एक आकडा गाठला म्हणजे काम झालं असं नाही, तो आकडा किती वेगाने गाठला आणि किती वेळ टिकवला हेही तितकंच महत्त्वाचं.

दोन वाटा

जपानमध्ये तेत्सुरो फुजिवारा यांनी वेगळी वाट घेतली. गाईच्या फुफ्फुसातला अर्क घ्यायचा, त्यात हवे ते मेद वरून मिसळायचे आणि फवारा न करता द्रव थेट श्वासनलिकेत सोडायचा. १९८० मध्ये त्यांनी दहा बाळांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही तासांत बाळांची ऑक्सिजनची गरज झपाट्याने खाली आली. वीस वर्षं अडलेली गाडी सुटली. स्टॉकहोममध्ये कुर्स्टेट आणि रॉबर्टसन यांनी डुकराच्या फुफ्फुसापासून औषध केलं. दोघांच्या नावांची पहिली अक्षरं जोडून त्याचं नाव पडलं 'क्युरोसर्फ'.

दुसरी वाट संपूर्ण कृत्रिम औषधाची. केंब्रिजमध्ये डीपीपीसी आणि फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल हे दोन मेद ७ ला ३ या प्रमाणात घेऊन 'एलेक' तयार झालं. सॅन फ्रान्सिस्कोत क्लेमेंट्स यांनी (तेच ते, १९५७ चे!) 'एक्सोसर्फ'ची कृती बसवली. एका मिलिलिटरमध्ये १३.५ मिलिग्रॅम डीपीपीसी, १.५ मिलिग्रॅम हेक्साडेकॅनॉल आणि १ मिलिग्रॅम टायलोक्सापॉल. हेक्साडेकॅनॉल हे साधं मेदयुक्त अल्कोहोल, क्रीम-लोशनमध्ये असतं ते. त्याचं काम डीपीपीसीला पसरायला मदत करणं. टायलोक्सापॉल सगळं मिश्रण पाण्यात नीट विखुरलेलं ठेवतो. प्रथिन एकही नाही. १९९० मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेलं हे पहिलं सर्फॅक्टंट. साध्या रसायनांतून बनलेल्या या औषधाने अनेक बाळं वाचली, हे विसरता कामा नये.

पण १९९० च्या दशकात प्राणिज औषधांशी समोरासमोर तुलना झाली तेव्हा फरक उघड झाला. प्राणिज औषध दिलं की ऑक्सिजनची गरज लवकर उतरायची आणि फुफ्फुस फुटून छातीत हवा जाण्याचे प्रकार कमी व्हायचे. ब्रिटनमध्ये एलेक आणि क्युरोसर्फ यांची तुलना तर मुदतीआधी थांबवावी लागली, कारण एलेकच्या गटात मृत्यू जास्त होते. तो अहवाल २००० साली आला. एलेक बाजारातून गेलं, पुढे एक्सोसर्फही गेलं.

राहून गेलेला चिमूटभर मसाला

कृत्रिम औषधात नव्हतं आणि गाईच्या अर्कात होतं असं काय? दोन छोटी प्रथिनं. एसपी-बी आणि एसपी-सी. औषधात त्यांचं वजन जेमतेम एक-दोन टक्के. आमटीतल्या फोडणीएवढं म्हणा.

एसपी-बी हे ७९ अमिनो आम्लांचं. ते मेदाच्या थरांना एकमेकांशी जोडून ठेवतं, पाण्यातला साठा पृष्ठभागावर पोचवतं. श्वास घेताना जागा वाढली की साठ्यातून रेणू वर, श्वास सोडताना नको असलेले रेणू खाली. म्हणजे तेल आणि तूप यांच्यातला वाद मिटवणारा मध्यस्थ. त्याचं महत्त्व किती? जन्मतःच एसपी-बीचं जनुक बिघडलेली बाळं पूर्ण दिवसांची असूनही श्वास घेऊ शकत नाहीत. १९९३ मध्ये हे कारण समजलं. बाहेरून दिलेलं सर्फॅक्टंटही त्यांना कायमचं तारू शकत नाही.

एसपी-सी तर ३५ अमिनो आम्लांचं, पण महाखोडकर. पाण्याचा त्याला इतका तिटकारा की एकटं ठेवलं की उलगडून गुठळ्या करतं. ज्या मळसूत्री घडीमुळे ते काम करतं ती घडी प्रयोगशाळेत टिकवणंच कठीण.

मग शास्त्रज्ञांनी विचार केला, हुबेहूब नक्कल कशाला? गुण घेऊ या. अमेरिकेतल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेत चार्ल्स कोक्रेन आणि सहकाऱ्यांनी एसपी-बीचा स्वभाव पाहिला : एक पाण्यात रमणारा विद्युतभारित तुकडा, मग काही पाण्याला टाळणारे. त्यांनी एक लायसीन, चार ल्युसीन, पुन्हा एक लायसीन, चार ल्युसीन अशी २१ अमिनो आम्लांची साखळी केली. पाच लायसीन, सोळा ल्युसीन, बस्स. ७९ ची रचना एवढ्याशा नमुन्यात! मला तर हे एखाद्या किचकट यंत्राचं पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये केलेलं मॉडेल वाटलं, पण चालणारं.

कारखान्यातली परीक्षा

या साखळीपासून 'सर्फॅक्सिन' तयार झालं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत ते एक्सोसर्फपेक्षा सरस आणि क्युरोसर्फच्या तोडीचं ठरलं. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण परवानगी मिळाली ती मार्च २०१२ मध्ये! मधली सात वर्षं कुठे गेली? मुख्यतः उत्पादनात. २००६ मध्ये तयार केलेल्या बॅचेस टिकाऊपणाच्या चाचणीत नापास झाल्या. अमेरिकेचं औषध नियामक खातं फाइल पुन्हा पुन्हा परत पाठवत राहिलं : प्रत्येक बॅच सारखीच काम करते हे तुम्ही मोजून कसं दाखवणार?

आपल्यासाठी हा धडा आहे. चंचुपात्रात जमलं म्हणजे टाकीत जमेलच असं नाही. मेद आणि पेप्टाइड यांचं मिश्रण ढवळण्याचा वेग, तापमान, थंड होण्याचा वेळ, सगळ्यावर कणांची रचना अवलंबून असते. शिवाय हे औषध थंडीत जेलीसारखं घट्ट व्हायचं, देण्याआधी बाटली ४४ अंशांवर पंधरा मिनिटं गरम करावी लागायची. समोर बाळ निळं पडत असताना पंधरा मिनिटं म्हणजे किती, हे बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्यांना विचारा. २०१५ मध्ये कंपनीने त्याचं उत्पादन थांबवलं.

तरी खटपट थांबलेली नाही. एसपी-बी आणि एसपी-सी या दोन्हींच्या कृत्रिम प्रतिकृती असलेलं एक औषध 'सीएचएफ ५६३३' या नावाने तयार झालं. बाळांवरची पहिली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २०२० मध्ये क्युरोसर्फशी केलेल्या तुलनेत दोघांचे निष्कर्ष सारखेच आले. म्हणजे साठ वर्षांनी कृत्रिम औषध प्राणिज औषधाच्या बरोबरीला आलं. आजही बहुतेक नवजात कक्षांत वापरतात ते मात्र प्राणिजच. खोक्यावरच्या त्या बारीक अक्षराचं उत्तर हे.

मोठ्या माणसांचं काय?

जंतुसंसर्ग, अपघात, न्यूमोनिया यांमुळे मोठ्यांचीही फुफ्फुसं निकामी होतात. त्याला एआरडीएस म्हणतात. तिथेही सर्फॅक्टंट बिघडतं, मग तिथेही तेच औषध द्यावं? १९९६ मध्ये ७२५ रुग्णांवर एक्सोसर्फच्या फवाऱ्याची चाचणी प्रसिद्ध झाली. उपयोग शून्य. पुढे बनावट एसपी-सी असलेल्या औषधानेही मोठ्या चाचण्यांत मृत्यू कमी केले नाहीत.

कारण साधं आहे. बाळात सर्फॅक्टंट कमी असतं, ते भरून काढायचं. मोठ्यांत रक्तातली प्रथिनं वायुकोशात झिरपतात आणि पृष्ठभागावरची जागा अडवून बसतात. नवीन सर्फॅक्टंट टाकलं तरी तेही अडतं. टाकी रिकामी असणं वेगळं आणि टाकीत गाळ असणं वेगळं. दोन्हीला एकच उपाय चालत नाही.

बाळांच्या बाबतीतही हिशेब गमतीचा आहे. मी एक गणित केलं. डीपीपीसीच्या एका रेणूला साधारण अर्धा चौरस नॅनोमीटर जागा लागते. रेणुभार ७३४. म्हणजे एक चौरस मीटर झाकायला सुमारे २.५ मिलिग्रॅम पुरतात. बाळाच्या फुफ्फुसाला एकेरी थर द्यायला काही मिलिग्रॅम खूप झाले. प्रत्यक्षात दर किलो वजनाला १०० ते २०० मिलिग्रॅम देतात! बाकीचं जातं कुठे? काही वाटेतच चिकटतं, काही नको त्या कप्प्यात जातं, काही गळणारी प्रथिनं निकामी करतात, आणि उरलेलं बाळाच्या पेशी आत घेऊन पुन्हा वापरतात. पोचवण्याची पद्धत सुधारली तर औषध किती कमी लागेल बघा. श्वासनलिकेत जाड नळी न घालता बारीक नळीने औषध देण्याची पद्धत आता रुळली आहे. फवाऱ्यावर अजून काम चालू आहे. मेकॅनिकलवाल्यांनो, हा तुमचा प्रश्न आहे.

आपल्याकडे

२०२० साली भारतात ३० लाखांहून जास्त बाळं अपुऱ्या दिवसांची जन्मली. जगात सर्वाधिक. सगळ्यांना सर्फॅक्टंट लागत नाही, पण ज्यांना लागतं त्यांच्यासाठी २ ते ८ अंशांवर ठेवलेली ती बाटली तालुक्याच्या गावी वेळेत मिळणं हेच अवघड असतं.

संशोधन आपल्याकडेही झालं आहे. पवईच्या आयआयटीत डॉ. रिंटी बॅनर्जी आणि प्रा. जयेश बेल्लारे यांनी डीपीपीसीसारख्या मेदांबरोबर लवंगेचं तेल मिसळून त्याचे पृष्ठगुण एलेक, एक्सोसर्फ वगैरेंशी ताडून पाहिले होते. २००१ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. दातदुखीला आजी देते ती लवंग इथे गोठलेल्या तुपाला पसरायला मदत करते का, असा तो प्रश्न होता. मला हे वाचून फार बरं वाटलं. प्रश्न जगाचा, सामग्री घरची.

आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत, नाहीतर लेख अर्धवट राहील. पहिली, न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखवलं की अपुऱ्या दिवसांत कळा सुरू झालेल्या आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली तर पोटातल्या बाळाचं फुफ्फुस लवकर तयार होतं. हे औषध स्वस्त आहे, पण प्रसूतीआधी पुरेसे तास मिळायला हवेत. ताई दवाखान्यात पोचली तेव्हा तेवढा वेळ राहिला नव्हता. घरच्यांना वाटलं, पोटात नेहमीसारखंच दुखतंय. तुमच्या घरी कुणी गरोदर असेल तर एवढं लक्षात ठेवा : दिवस भरण्याआधी पोटात कळा येऊ लागल्या तर सकाळची वाट बघू नका.

दुसरी गोष्ट बबल सीपॅप. नाकातून सतत थोड्या दाबाने हवा द्यायची आणि बाहेर जाणाऱ्या नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत ५ सेंटिमीटर बुडवायचं. दाब आपोआप ५ सेंटिमीटर! ना सेन्सर, ना कंट्रोलर. नळीतून बुडबुडे येत राहतात, वायुकोश मिटत नाहीत. पहिल्या वर्षाचं फ्लुइड मेकॅनिक्स इतक्या उपयोगाचं असेल असं मला तरी वाटलं नव्हतं.

असो. त्या रात्री औषध दिल्यावर तासाभरात डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "ऑक्सिजन कमी करतोय." भाओजी भिंतीला टेकून खालीच बसले. पाच आठवड्यांनी भाची घरी आली. आता दोन वर्षांची झाली आहे. फोनवर "मावशी" अशी हाक मारते तेव्हा कानापासून फोन लांब धरावा लागतो, एवढा दम आहे पोरीच्या फुफ्फुसात.

प्रोजेक्टचा विषय निवडताना मला आता तोंडी परीक्षेतला तो प्रश्न आठवतो. पृष्ठताण कमी करून काय मिळतं? सर, पुन्हा विचारा. या वेळी उत्तर थोडं लांबेल.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, रसायन अभियांत्रिकी